कोळ्यावर आळ

वहिनी गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा सकाळी, बाळकुमच्या घरी मी चहा गाळत होतो तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली," एवढंच तन्मय म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा दुपारी. डोंबिवलीला तिच्या घरी सगळे जमलेले असताना कुणीतरी माझ्या हातात मोबाइल दिला. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप होता. जोडलेल्या हातांच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीतील ज्येष्ठ सभासद, निवृत्त शिक्षिका वसुधाबाई यांचे विषारी कोळी चावल्याने दुःखद निधन. सर्वांनी आपापल्या घरी फवारणी करून घ्यावी.' मी तो निरोप वाचला, परत वाचला आणि... खरं सांगतो, त्या घटकेला मला दुःखाच्या आधी राग आला. मानपाड्याच्या एका कारखान्यात मी उभी हयात मालाची तपासणी करण्यात घालवली. चुकीचं लेबल लागलेली पेटी मी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. आणि इथे माझ्या वहिनीच्या मरणावरच चुकीचं लेबल चिकटवलेलं होतं. तेही असं, की ती असती तर चष्मा लावून, पदर खोचून सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

वहिनी कोळी चावून गेली नाही. ती कशाने गेली ते पुढे सांगतोच, पण आधी हे एक वाक्य लिहून टाकू द्या.

ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि कोळ्याला भयंकर घाबरत होतो. हे आमच्या घरातलं उघड गुपित होतं. आई-वडील दुर्लक्ष करायचे आणि दादा चिडवायचा. नवी नवरी येऊन आठवडा झाला नसेल, मी न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून ओरडत बाहेर आलो. भिंतीवर हाताच्या पंजाएवढा कोळी होता. दादा हसत झाडू आणायला निघाला, तर वहिनीने त्याला थांबवलं. हातात अजून हिरवा चुडा होता तिच्या. तिने ओट्यावरचा काचेचा ग्लास घेतला, माळ्यावरच्या गठ्ठ्यातून त्यांच्याच लग्नाची उरलेली एक पत्रिका काढली आणि आत गेली. ग्लास अलगद कोळ्यावर पालथा घातला, मग भिंत आणि ग्लास यांच्यामध्ये पत्रिका सरकवली. कोळी ग्लासात, श्रीगणेशाच्या चित्रावर पाय पसरून बसलेला. तो माझ्यासमोर धरून म्हणाली, "भाऊजी, बघा तरी. ज्याला घाबरायचं त्याचं तोंड तरी माहीत पाहिजे की नाही?" मी बघितलं नाही. दादा मात्र म्हणाला, "चला, उरलेल्या पत्रिकांचं काय करायचं हा प्रश्न सुटला." त्या पत्रिका पुढे खरोखरच त्याच कामाला लागल्या. एक मऊ पडली की वहिनी दुसरी काढायची.

तिचं माहेर मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते आणि क्वार्टर्सच्या मागे नदीपर्यंत गवत आणि झुडपं होती. मुलींनी तिकडे जायचं नाही अशी सक्त ताकीद, त्यामुळे ही रोज तिकडे. कोळी ओळखायला तिला कुणी शिकवलं नाही. पुस्तक नव्हतं. मग तिने स्वतःच नावं ठेवली. पावसाळ्याच्या शेवटाला झुडपांत मोठं गोल जाळं करून मधोमध डोकं खाली करून बसते, पायांच्या जोड्या जुळवून फुलीसारखी, आणि जाळ्यावर पांढरी नागमोडी शिवण घालते, ती 'शिंपीण'. छताच्या कोपऱ्यात लांब काड्यांसारख्या पायांवर उलटा लटकतो आणि जाळ्याला बोट लावलं की अख्खा थरथरतो, तो 'थरथऱ्या'. खिडकीच्या गजावर टुणटुण उड्या मारतो आणि आपण वाकलो की वळून मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडेच बघतो, तो 'चौकस'. आंब्याच्या खोडाला सालीसारखा चिकटून बसतो आणि मागे दोन शेपट्या असतात, तो 'चोर'. आणि जाळं न विणता भिंतीवर चपटा बसून राहतो, माझ्या न्हाणीघरातला, तो 'भाडेकरू'. पुढे ती शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली तेव्हा खरी लांबलचक शास्त्रीय नावं तिने शिकून घेतली, पण मुलांना आधी ती स्वतःची नावं सांगायची. डोंबिवलीत आज पन्नाशीला आलेली कितीतरी माणसं असतील, जी खिडकीतल्या कोळ्याला मनातल्या मनात 'चौकस' म्हणत असतील.

तिच्या घरी भाडेकरूची जागा ठरलेली होती, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे. एक गेला की काही दिवसांनी दुसरा यायचा. झुरळं तोच खातो म्हणून त्याला भाडं माफ, असं ती म्हणायची. महिना बदलला की पान उलटायच्या आधी ती कॅलेंडरवर दोन टिचक्या मारायची आणि जरा थांबायची. आतला प्राणी सावध होऊन बाजूला सरकायचा, मग पान उलटलं जायचं. दादा म्हणायचा, "माझ्या खोलीत येताना कधी दार वाजवलंस का?" ती म्हणायची, "तुम्ही कुठे झुरळं खाता?" दिवाळीच्या साफसफाईतही तिची पद्धत वेगळी होती. आमच्याकडे काय, सगळ्या बिल्डिंगमध्ये लांब काठीला फडकं बांधून सरसकट जळमटं ओढतात. ती आधी स्टुलावर चढून प्रत्येक कोपरा बघायची. धूळ खाल्लेलं, सोडून दिलेलं जाळं असेल तर झाडायचं. आत कुणी असेल तर आधी ग्लास, पत्रिका, खाली बागेत रवानगी, आणि मग झाडू. त्यामुळे तिच्या घरची दिवाळी नेहमी उशिरा उजाडायची आणि आई आयुष्यभर त्यावर कुरकुर करत राहिली.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, बाई, यातला विषारी कोणता? शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, पुढे मोबाइल आल्यावर कुठून कुठून येणारे फोटो, सगळ्यांना तेच हवं असायचं. ती कधी कंटाळली नाही. सांगायची, विष बहुतेक सगळ्यांकडे असतं, पण ते माशीपुरतं. आपल्या घरांत जे हिंडतात त्यांच्यामुळे माणूस मरत नाही. रानात बिळं करून राहणारे केसाळ असतात, त्यांच्या बिळात हात घालायचा नाही. पानाची गुंडाळी करून आत राहणारे काही पिवळट असतात, ते चावले तर चांगली आग होते. "आग होईल, सूज येईल, एक-दोन दिवसांत उतरेल. उतरली नाही, तर कोळ्याचा विचार सोडा आणि दवाखाना गाठा." हे शेवटचं वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल! कारण आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की कोळी फिरला म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या साठेकाकूंच्या कमरेला एकदा फोड आले. काकूंनी चंदन उगाळून लावलं आणि निवांत बसल्या, कोळी फिरलाय म्हणाल्या. वहिनीने चंदन पुसायला लावलं, एका बाजूने पट्ट्यासारखे उठलेले फोड बघितले आणि म्हणाली, "काकू, चपला घाला." नागीण निघाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी जिना चढताना वहिनी मला म्हणाली होती, "भाऊजी, कोळ्याचं नाव घेतलं ना, की माणसाला बरं वाटतं. म्हणजे आपल्याला आजार नाही, कुणीतरी चावलंय. मग दवाखाना टळतो. त्या बिचाऱ्यावर आळ घेऊन लोक स्वतःलाच फसवतात."

हे तिचंच वाक्य आहे. मी ते आता विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दादाला साखर होती. अंगठ्याला चप्पल लागल्याचं निमित्त झालं आणि जखम भरेना. वहिनी रोज सकाळी खिडकीच्या उजेडात त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायची, जखम धुवायची, पट्टी बदलायची. रंग कसा बदलतो, कडा कशा काळवंडतात, वास कधी येतो, लाल रेघ कुठपर्यंत चढते... कोळी बघायची त्याच बारकाईने ती ते सगळं बघत होती. हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगठा गेला. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा पाऊल गेलं. तिसऱ्यांदा नेलं, आणि आम्ही त्याला परत आणलं ते ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. त्यानंतर वहिनी त्या हॉस्पिटलवरून रिक्षा जाऊ द्यायची नाही. रिक्षावाल्याला लांबचा रस्ता सांगायची. काही वर्षांनी तिच्याही रक्तात साखर निघाली. तेव्हा "तुमच्या दादांनी माझ्यासाठी एवढंच ठेवलं," असं म्हणून ती हसली होती. आम्हीही हसलो. गोळ्या घेत होती, पथ्य बऱ्यापैकी पाळत होती, काळजीचं कारण दिसत नव्हतं.

आमची शेवटची भेट बाळकुमला झाली. मी जुनं घर विकून इथे टॉवरमध्ये आलो, ते बघायला ती आली होती. बायकोने हौसेने घर दाखवलं. वहिनीने कौतुक केलं, पण तिची नजर आपली छताचे कोपरे, पडद्यांच्या मागची जागा, खिडक्यांच्या चौकटी धुंडाळत होती. कुठेच काही नाही. एवढ्या उंचावर, बंद काचा, वर दर महिन्याला फवारणीवाला. शेवटी बाल्कनीत उभी राहून ती हळूच म्हणाली, "भाऊजी, घर छान आहे. पण इथे तुमच्याशिवाय कोणीच राहत नाही हो." मी म्हटलं, "वहिनी, एवढे पैसे त्याचेच तर मोजलेत." ती हसली. उतरताना मी लिफ्टपर्यंत गेलो. तेव्हा तिचा पाय चांगला होता. नीट चालत गेली. ते मला स्पष्ट आठवतं, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे.

दिवस झाल्यावर तन्मय हैदराबादला परत जायच्या आधी आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. कपाटं रिकामी करायची होती, पण कुणाचा हात उठत नव्हता. इतक्यात सेक्रेटरी म्हात्रे आले. मूळचे तिथल्याच गावातले, भला माणूस. वहिनी चक्कर येऊन पडली तेव्हा त्यांनीच तिला आपल्या गाडीतून हॉस्पिटलात पोचवलं होतं. दारातच उभे राहून म्हणाले, "काका, उद्या फवारनीवाले येतान. पयली हीच रूम घेऊ म्हनतो. अवो, बाई गाडीत सोता बोलल्या मना, कोली चावलाय म्हनून. आता बाईच बोलल्या, तं आमी काय समजायचं?" त्यांचं काही चुकत नव्हतं. कोळ्यांच्या बाबतीत त्या बिल्डिंगमध्ये वहिनीचा शब्द शेवटचा होता. मी काही बोलायच्या आत तन्मय म्हणाला, "या घरात फवारणी नको, म्हात्रेकाका. प्लीज." म्हात्रे माझ्याकडे बघून मान हलवून गेले.

मग तन्मयने मोबाइल काढला. "काका, आईने मला पण तेच सांगितलेलं. पाय सुजलाय म्हणाली, कोळी चावला असेल. मी बोललो, फोटो पाठव पायाचा. तर तिने हा पाठवला." फोटो पायाचा नव्हता. कॅलेंडरच्या कडेला बसलेल्या भाडेकरूचा होता. "मी मीटिंगमध्ये होतो. बघितला, हसलो, अंगठा पाठवला. लिहिलं, आई, तुझ्याच लोकांनी दगा दिला ना." त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "नीट बघा ना काका." मी चष्मा लावून बघितलं. कोळ्याच्या तोंडाखाली पांढरी, चपटी, रुपयाएवढी गोल टिकली होती. त्याचा अर्थ मलाही ठाऊक होता, इतक्या वर्षांत तेवढं तिने शिकवलंच होतं. ती अंड्यांची पिशवी. मादी ती पोटाशी धरून भिंतीवर बसून राहते, पिल्लं बाहेर येईपर्यंत जागा सोडत नाही, बहुतेक खातसुद्धा नाही. ती उतरून माणसाच्या पायाला चावायला कशाला येईल? "मी पाच वर्षांचा असेन, तेव्हा मला हे माहीत होतं," तन्मय म्हणाला. "आईने मला पेपर दिलेला काका. एकाच प्रश्नाचा. आणि मी न वाचता अंगठा दाखवला."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी त्याचं बोलणं झालं होतं, त्यातून बाकीचं आधीच कळलं होतं. टाचेला भेग पडली होती, ती चिघळली, साखर वाढलेली, इन्फेक्शन रक्तात गेलं. आठवडाभर आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे आठवडाभर ती एकटी खिडकीच्या उजेडात स्वतःचा पाय बघत होती. रंग, कडा, वास, वर चढणारी लाल रेघ. एकदा ओळखलं की भीती जाते, असं ती वर्गात मुलांना सांगायची. हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. पण या वेळी ओळखल्यावर भीती गेली नाही, उलट घरात येऊन बसली. पुढचं सगळं तिला पाठ होतं, अंगठा, मग पाऊल, मग चादर. म्हणून तिने दुसरं नाव सांगितलं. ज्या आळापासून तिने कोळ्यांना जन्मभर वाचवलं, तोच आळ तिने स्वतः त्यांच्यावर घेतला, आणि हॉस्पिटलात जाताना म्हात्र्यांच्या गाडीतही मागे घेतला नाही.

मग तो फोटो का पाठवला? मी यावर फार विचार केला आहे. तन्मयला वाटतं, त्याने तिचं खोटं पकडावं म्हणून. असेलही. मला वाटतं, पाय दाखवायचा नव्हता, समोर भाडेकरू दिसला, तोच पाठवला. आणि हेही वाटतं, की तन्मयने यावं असं तिला वाटत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं. तन्मयने मला विचारलं, "मी ओळखलं असतं तर काका?" मी तपासणी खात्यातला माणूस, मला गोड बोलता येत नाही. ओळखलं असतं तर ती कदाचित आज असती, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तुम्ही लिहिता ना अधूनमधून पेपरात? हे लिहा. माझी चूक येऊ दे त्यात. पण कोळ्यावर आळ नको. आईचं ते एकच उत्तर चुकीचं राहिलंय."

कॅलेंडर भिंतीवर मागच्याच महिन्यात थांबलं होतं. गॅस कधी लावला ते तिने निळ्या पेनाने लिहून ठेवलेलं दिसत होतं. तन्मय उठला. पान उलटायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. मग बोट वाकवून कॅलेंडरवर दोन टिचक्या मारल्या, अगदी तिच्यासारख्या. आम्ही वाट बघत राहिलो. कडेने ती बाहेर आली, चपटी, तपकिरी, संथपणे. तोंडाखालची पांढरी टिकली आता नव्हती. आणि कॅलेंडरच्या वरच्या बाजूला, खिळ्याच्या भोवती, चुन्यावर राईचे दाणे सांडावेत तसे बारीक बारीक ठिपके होते. निरखून बघितल्यावर ते हलताना दिसले. वहिनीने तिथल्या तिथे मोजायला घेतले असते, चष्मा कपाळावर सारून. तन्मयने पान उलटलं नाही. दुपारी आम्ही कुलूप लावून निघालो. ओट्यावर तो ग्लास पालथा घातलेला होता आणि त्याखाली पत्रिका, त्यातलं दादाचं नाव जवळजवळ पुसलेलं. तेवढी मी पिशवीत घातली.

आता ती पत्रिका बाळकुमला माझ्या टेबलावर असते. इथे तिचा काही उपयोग नाही, इथे कोणी येतच नाही. पण या पहिल्या तारखेला मी आमच्या कॅलेंडरचं पान उलटायला गेलो आणि माझंही बोट वाकलं. दोन टिचक्या मारल्या आणि कान देऊन उभा राहिलो. लहानपणी मागून काही निघेल म्हणून जीव घाबरायचा. त्या दिवशी काही निघालं नाही म्हणून घाबरला. बायकोने आतून विचारलं, "कोण आहे हो?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि पान उलटलं.